पाटी रंगवण्याआधी

आमच्या हिंगोली जिल्ह्यापासून समुद्र फार लांब. इकडच्या माणसाने पाणी पाहिले ते कयाधूचे, पूर्णेचे, नाही तर सिद्धेश्वरच्या धरणाचे. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला येणारा माणूस डोंगर पाहतो, लाट पाहत नाही. तरीही इकडची काही मुले नौदलात भरती झाली, जहाजावर गेली आणि युद्धाच्या वेळी भर समुद्रात होती.

अशाच एका नौसैनिकाची ही हकीगत आहे. धडा मात्र आपल्या सर्वांसाठी आहे. कानावर आलेली गोष्ट खरी की खोटी, हे कसे पाहावे? हाच तो धडा.

गावाची हौस

औंढ्याच्या बाजूच्या एका गावात आम्ही संध्याकाळचा प्रौढ वर्ग चालवतो. त्या गावात एक निवृत्त नौसैनिक राहत असत. सारा गाव त्यांना 'नेव्हीवाले आबा' म्हणे. दोन वर्षांपूर्वी आबा वारले. गावाने ठरवले, की समाजमंदिराच्या दारावर त्यांच्या नावाची पाटी लावायची. हिंगोलीच्या पेंटरला काम सांगितले. पाटीवरचा मजकूर शुद्धलेखन तपासण्यासाठी आमच्याकडे आला. मजकूर असा होता :

'१९७१ च्या युद्धात खुकरी जहाज बुडाले असता रात्रभर पोहून जिवंत परत आलेले आपल्या गावचे वीर.'

आम्ही तो कागद वर्गात नेला. म्हटले, आयता वाचनपाठ झाला. आबांच्या पत्नी आमच्या वर्गात येतात. वय सत्तरीच्या पुढे. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. कागद त्यांच्याच हाती दिला. मावशी बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागल्या. 'खु... क... री.' तेथे त्या थांबल्या. चष्मा काढून आमच्याकडे पाहू लागल्या.

"गुर्जी, हे खुकरीवर कवा होते?"

वर्ग गप्प झाला. आम्हीही गप्प झालो. कारण आम्ही स्वतः शाळेत असताना दर वर्षी ४ डिसेंबरला, नौदल दिनाच्या दिवशी, मुलांना हीच गोष्ट सांगत आलो होतो. कोणाकडून ऐकली, ते आठवेना. आबांकडून तर नाहीच.

खुकरीचे काय झाले होते?

आधी जी गोष्ट पक्की माहीत आहे ती सांगतो.

डिसेंबर १९७१ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांचे युद्ध झाले. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला. त्याची आठवण म्हणून ४ डिसेंबर हा नौदल दिन पाळतात. पाकिस्तानच्या पाणबुड्याही समुद्रात होत्या. त्यांचा शोध घेण्यासाठी आपली 'खुकरी' आणि 'किरपाण' ही लढाऊ जहाजे पाठवली होती.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, पावणेनऊच्या सुमारास, दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर, 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने खुकरीवर टॉर्पेडो मारला. काही मिनिटांतच जहाज बुडाले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक प्राणास मुकले. ६७ जण वाचले. त्यांना आपल्या जहाजांनी दुसऱ्या दिवशी पाण्यातून वर काढले.

खुकरीचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. माणसांना जहाजाबाहेर पडण्यास सांगितले, दुसऱ्यांना वाचवण्याची धडपड केली, आणि जहाजाबरोबर ते गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. दीव येथे खुकरीचे स्मारक आहे.

आता विचार करा. जहाज बुडाले. जहाजाची नोंदवही बुडाली. कप्तान गेले. मग कप्तानांनी शेवटच्या क्षणी काय केले, हे आपल्याला कसे कळले? वाचलेल्यांनी सांगितले म्हणून कळले. एकाने एका बाजूने पाहिले, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने. सर्वांचे सांगणे शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा चित्र उभे राहिले. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी वाचलेल्यांच्या हकिगती गोळा करून २००६ मध्ये इंग्रजीत एक पुस्तकही काढले.

म्हणजे वाचलेला प्रत्येक माणूस हा त्या रात्रीचा साक्षीदार आहे. ते फक्त ६७. त्यांत आपण आपल्या मनाने अडुसष्टावा घातला, तर त्या ६७ जणांच्या शब्दाची किंमत कमी होते. आणि जे १९४ परत आले नाहीत, त्यांचाही तो अपमानच.

हे आमच्या ध्यानात आले, आणि आम्ही पेंटरला निरोप धाडला, "चार दिवस थांबा."

पाहिलेले आणि ऐकलेले

मग आम्ही चौकशीला लागलो. वर्गातली दोन तरुण मुले वही-पेन्सिल घेऊन बरोबर आली.

गावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे गेलो. ते ठामपणे म्हणाले, "रातभर पोहले की आबा! मला ठाऊक आहे."

"तुम्हाला आबांनी सांगितलं?"

"मला न्हाई. आमच्या थोरल्या भावाला सांगितलं."

थोरले भाऊ वारून वीस वर्षे झाली. त्यांना आता कोण विचारणार?

दुसऱ्याने चहाच्या टपरीवर ऐकले होते. तिसऱ्याने शाळेत ऐकले होते. कोणाकडून? "तुमच्याकडूनच, गुर्जी!" आमची मान खाली गेली. दहा जणांना विचारले. दहाही जणांनी एकच गोष्ट सांगितली, पण एकानेही ती आबांच्या तोंडून ऐकलेली नव्हती.

येथे पहिली गोष्ट लक्षात घ्या. दहा माणसे एकच गोष्ट सांगतात म्हणजे दहा साक्षीदार झाले, असे नाही. दहाही जणांनी एकाच तोंडाचे ऐकले असेल, तर साक्षीदार फार तर एकच. आणि त्या एकानेही डोळ्यांनी पाहिले नसेल, तर साक्षीदार एकही नाही.

बरोबरचा मुलगा एकाला विचारू लागला, "आबा खुकरीवरच होते ना?" आम्ही त्याला बाजूला घेऊन सांगितले, "बाळा, असं विचारू नये. त्यात उत्तर आपणच घालून देतो. समोरचा नुसती मान हलवतो. असं विचार, की आबा युद्धाच्या वेळी कोठे होते? आणि तुम्हाला ते कशावरून ठाऊक?" ही दुसरी गोष्ट.

डोळ्यांनी पाहणाराही चुकतो

मग प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे सारेच खरे मानावे का? तसेही नाही. तो लबाड असतो असे नव्हे. पण तो जेथे उभा असतो, तेथून दिसते तेवढेच त्याला दिसते.

खुकरीचेच पाहा. वाचलेल्यांपैकी काहींना एकाहून अधिक स्फोट आठवतात. हंगोरच्या कमांडरने मात्र पुढे सांगितले, की खुकरीला आपला एकच टॉर्पेडो लागला. दोन्ही बाजूंनी खरे बोलणेही शक्य आहे. टॉर्पेडो लागल्यावर जहाजातला दारूगोळा फुटला, तर आतल्या माणसाला धडाके अधिक ऐकू येतील. पाण्याखालच्या माणसाने आपले टॉर्पेडो मोजले, वरच्या माणसाने धडाके मोजले.

याहून जुनी एक गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात, ११ नोव्हेंबर १९४२ रोजी, हिंदी महासागरात कोकोस बेटांच्या दक्षिणेला एक लढाई झाली. त्या वेळच्या हिंदी नौदलाचे 'बेंगाल' नावाचे लहानसे जहाज 'ओंदिना' या डच तेलवाहू जहाजाला सोबत करीत होते. समोर आली जपानची दोन मोठी सशस्त्र जहाजे. प्रत्येक जहाज दहा हजार टनांहून मोठे. बेंगाल साडेसहाशे टनांच्या आसपास. म्हणजे रेड्यासमोर शेळी. तरी बेंगालने त्यांच्यावर चाल केली. बेंगाल आणि ओंदिना यांच्यापाशी एकेकच मोठी तोफ होती. थोड्याच वेळात जपानच्या एका जहाजावर, 'होकोकू मारू'वर, भयंकर स्फोट झाला आणि ते बुडाले.

कोणाच्या गोळ्याने? बेंगालचे लोक म्हणाले, आमच्या. ओंदिनाचे लोक म्हणाले, आमच्या. एकच लढाई, एकच वेळ, आणि दोन्हीकडे डोळ्यांनी पाहणारे साक्षीदार. तो वाद पुढे बरीच वर्षे चालला. जपान्यांना वाटले, ओंदिना संपली. ते तिला सोडून गेले. प्रत्यक्षात ओंदिनाचे कप्तान मारले गेले होते, पण जहाज तरंगत होते. उरलेले खलाशी पुन्हा जहाजावर चढले आणि त्यांनी ते ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदरात सुखरूप नेले. बेंगालही तगले. 'बुडाले' म्हणणाऱ्यांनीही आपल्या डोळ्यांनीच पाहिले होते!

म्हणून तिसरी गोष्ट. साक्षीदाराला नेहमी विचारावे, "तुम्ही कोठे उभे होता? तेथून काय दिसत होते?" आणि एकाचे सांगणे दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून पाहावे. जमल्यास विरुद्ध बाजूचेही ऐकावे.

मावशींची पेटी

आता पुन्हा गावाकडे येऊ.

मावशी म्हणाल्या, "ह्ये खाली इंजनाच्या खोलीत असत. मला म्हणायचे, आम्हाला लढाई काय दिसती? वर धाडधाड झालं, की खाली देवाचं नाव घ्यायचं. पोहण्याचं कधी सांगितलं न्हाई. पर दर वर्षी ९ डिसेंबरला रातच्याला जेवत नसत. खुकरीचं नाव निघालं, की उठून जात. लोकांनी त्याचं काय केलं, लोकांस ठाऊक."

गोष्ट कशी तयार झाली, ते आमच्या ध्यानात आले. आबा रडत, हे लोकांनी पाहिले होते. ते खरे होते. का रडत, हे कोणी विचारले नाही. ती जागा लोकांनी आपल्या मनाने भरून काढली.

मावशींनी पत्र्याची पेटी उघडली. आत तीन वस्तू निघाल्या.

पहिली वस्तू पदक. 'संग्राम मेडल'. कडेवर आबांचे नाव आणि क्रमांक कोरलेला. पदक सांगते, की हा माणूस १९७१ च्या युद्धाच्या काळात सेवेत होता. कोणत्या जहाजावर होता, हे पदक सांगत नाही.

दुसरी वस्तू सेवेचा दाखला. नोकरी कोणकोणत्या जहाजांवर झाली ते त्यात लिहिलेले असते. पण अर्ध्या पानाला वाळवी लागलेली. उरलेल्या भागात १९७१ समोर एका जहाजाचे नाव अर्धे दिसत होते. ते खुकरी नव्हते.

तिसरी वस्तू पत्र. पाकिटावर आबांच्या वडिलांचे नाव. खाली 'जिल्हा परभणी'. हे बरोबरच होते, कारण आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याआधी आपण परभणीतच होतो. पत्त्यात पिन कोडही नव्हता. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. लोक नंतरही पुष्कळदा तो लिहीत नसत, म्हणून एवढ्यावर काही ठरत नाही. पोस्टाच्या शिक्क्याची तारीख पुसलेली. पण पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी ५ पैशांचे एक जादा तिकीट होते. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ ते ३१ मार्च १९७३ या काळात हे तिकीट लावायला सांगितले होते. तेव्हा पत्र त्याच काळातले. पाहा, एवढेसे तिकीटही साक्ष देते!

"आता वाचा मावशी," आम्ही म्हणालो.

"मी?"

"तुम्हीच. पत्र तुमच्या घरचं आहे."

मावशींनी वाचायला अर्धा तास घेतला. आम्ही मध्ये बोललो नाही. पत्रात होते :

'तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. लढाई थांबली. मी खुशाल आहे. विशाखापट्टणमला माझ्यासोबत शिकलेला माझा जोडीदार खुकरीवर होता. तो आला नाही. आमचे जहाज दुसरीकडे होते. भरतीला आम्ही दोघे एका रांगेत उभे होतो. त्याला ते जहाज मिळाले, मला हे. रात्री झोप येत नाही. आईला सांगू नये.'

मावशींनी पत्र मांडीवर ठेवले. बऱ्याच वेळाने त्या बोलल्या.

"गुर्जी, हे पत्र आलं तवा मी नवी नवरी होते. आमच्यात कुणाला वाचता येत नव्हतं. गावातल्या एका शिकलेल्या माणसानं अंगणात बसून वाचून दाखवलं. म्हणले, सगळं खुशाल आहे. एवढंच. बाकीचं वाचलंच न्हाई. मी पन्नास वर्सं ह्यांना मनात म्हणत आले, एका दिवसाचं जेवण कामून सोडता?"

त्या शिकलेल्या गृहस्थांचा हेतू चांगलाच असेल. घरच्यांना घोर नको, असे त्यांना वाटले असेल. पण ज्याला स्वतः वाचता येत नाही, त्याला दुसरा देईल तेवढेच मिळते. नवऱ्याचे दुःख बायकोला पन्नास वर्षांनी कळले, आणि तेही तो गेल्यावर.

आबांबरोबर नोकरी केलेले एक गृहस्थ हयात आहेत. मावशींच्या वहीत त्यांचा फोन नंबर सापडला. आम्ही त्यांना विचारले, "त्या डिसेंबरात आपण कोठे होता, आणि बरोबर कोण होते?" त्यांनी आपल्या जहाजाचे नाव सांगितले. दाखल्यावर उरलेल्या अर्ध्या अक्षरांशी ते जुळले. "तो माझ्या शेजारीच झोपत असे," ते म्हणाले. "खुकरी गेल्याची बातमी आली, तेव्हा तो कोणाशी बोलला नाही." आम्ही खुकरीच्या मित्राविषयी त्यांना काहीच सांगितले नव्हते. ते त्यांनी आपणहून सांगितले. अशा साक्षीला वजन असते.

दाखला, पत्र आणि सोबती. तिन्ही वाटा वेगळ्या होत्या, पण तिन्ही एकाच ठिकाणी आल्या. आबा खुकरीवर नव्हते.

पाटी

गावात बैठक झाली. काही मंडळी नाराज झाली. एक जण म्हणाले, "गुर्जी, गावाला एवढं मोठं नाव मिळत होतं. कशाला खोदत बसलात? आबा गेले. कोण येतंय इचारायला?"

आम्ही काही बोलण्याआधी मावशीच उठल्या. त्या बैठकीत कधी बोलत नसत.

"त्यांनी जन्मात लबाडी केली न्हाई," त्या म्हणाल्या. "मेल्यावर त्यांच्या तोंडी कामून घालता? आणि ज्याचं नाव घेऊन ते उपाशी निजत होते, त्याच्या मरणातला वाटा ह्यांना कसा देता?"

बैठकीत कोणी पुढे बोलले नाही. आम्ही उभे राहून कबूल केले, की ही गोष्ट पसरवण्यात आमचाही हात होता. शाळेत वर्षानुवर्षे ती आम्हीच सांगितली. चौकशी न करता सांगितली, हा आमचा दोष.

आज समाजमंदिराच्या दारावर जी पाटी आहे, ती अशी :

'१९७१ च्या युद्धात भारतीय नौदलात सेवा केलेले आपल्या गावचे नौसैनिक. खुकरी जहाजावर वीरगती मिळालेल्या मित्राची आठवण त्यांनी जन्मभर राखली.'

पाटी लहान झाली का? आम्हाला तसे वाटत नाही. इंजिनाच्या खोलीत, काही न दिसता, आपले काम करीत राहणे हेही धैर्यच. शिवाय मित्राचे दुःख पन्नास वर्षे मुक्याने वाहणे सोपे नसते. गावाला खोटा वीर हवा होता. खरा माणूस पेटीत पडून होता.

पाटी लावली त्या दिवशी अक्षरे मोठ्याने मावशींनीच वाचली. या वेळी त्या कोठेही थांबल्या नाहीत.

आपण काय शिकलो?

१. 'सगळे म्हणतात' हा पुरावा नव्हे. पहिल्याने कोण म्हणाले, ते शोधावे.

२. प्रश्न असा विचारावा, की उत्तर त्याच्यात आयते नसेल.

३. प्रत्यक्ष पाहणाऱ्याला विचारावे, "तुम्ही कोठे होता?"

४. माणसाची आठवण कागदाशी ताडावी आणि कागद माणसाच्या आठवणीशी. दोघेही चुकू शकतात.

५. जुनी पत्रे, दाखले, पदके, पाकिटावरची तिकिटेसुद्धा टाकू नयेत. वाळवीपासून जपावीत.

६. म्हाताऱ्या माणसांना जिवंतपणीच विचारून घ्यावे. आम्ही आबांना विचारले नाही. त्याची रुखरुख आम्हाला आहे.

ज्यांच्या घरचे कोणी सैन्यात होते, त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. नौसैनिकांच्या सेवेच्या नोंदी मुंबईत मानखुर्द येथील 'ब्यूरो ऑफ सेलर्स' या कार्यालयाकडे असतात. अर्जात नाव आणि सेवा क्रमांक लिहावा. जे युद्धात कामी आले, त्यांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात भिंतींवर कोरली आहेत. हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले. दिल्लीला गेलात, तर तेथे जाऊन आपल्या भागातले एखादे नाव वाचून या.

कठीण शब्द

पाणबुडी – पाण्याखालून चालणारे जहाज.
टॉर्पेडो – पाण्यातून जाऊन जहाजावर आदळणारे स्फोटक अस्त्र.
साक्षीदार – प्रसंग स्वतः पाहणारा माणूस.
ताडून पाहणे – दोन गोष्टी जुळतात का ते पाहणे.
मरणोत्तर – मरणानंतर दिलेले.

प्रश्न

१. गावातल्या दहा जणांची साक्ष आम्ही का मानली नाही?
२. पाकिटावरच्या ५ पैशांच्या तिकिटावरून काय कळले?
३. बेंगाल आणि ओंदिना यांच्या लोकांची सांगणी वेगळी का झाली असतील?
४. पत्र वाचून दाखवणाऱ्या गृहस्थांनी बरोबर केले की चूक? तुम्हाला काय वाटते, ते चार ओळींत लिहा.

करून पाहा

तुमच्या घरातल्या किंवा गल्लीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जा. त्याने स्वतः पाहिलेला एक प्रसंग विचारा. जसा सांगितला तसाच वहीत लिहा. खाली तारीख घाला. मग लिहिलेले त्यालाच वाचून दाखवा. काही चुकले असेल, तर तो सांगेल.